‘पुन्हा या विमानाने नाही’

इंदूरमधल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईच्या प्रवासाचा विषय निघाला, की आजकाल भाड्याच्याही आधी एक वाक्य ऐकू येते : ‘कुठल्याही कंपनीचे तिकीट काढ, पण ती नको.’ ‘ती’ म्हणजे कोणती, हे घरोघर वेगळे असते. राजेंद्र नगरातल्या एका कुटुंबाची बॅग तीन दिवस हैदराबादला राहिली, म्हणून त्यांनी एक कंपनी कायमची वर्ज्य केली. सुदामा नगरातल्या एका आजींना व्हीलचेअरसाठी पाऊण तास ताटकळावे लागले, म्हणून त्यांच्या घरी दुसरी वर्ज्य. आणि यांपैकी एका घरात जिचे नाव टाळायच्या यादीत आहे, तीच तिसऱ्या घरात ‘त्यातल्या त्यात बरी’ म्हणून वाखाणली जाते. या याद्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यामागची कारणे बहुधा खरी असतात. माझा आक्षेप कारणांना नाही, निष्कर्षाला आहे. एखादी कंपनी टाळून आपण तिला धडा शिकवतो, ही समजूत निदान इंदूरसारख्या शहरात खरी ठरत नाही, आणि ती समजूत जोवर आपण कवटाळून बसलो आहोत, तोवर ज्या गोष्टी मागायला हव्यात त्या मागायच्याच राहून जातात.

माझ्या स्वतःच्या यादीत एक नाव कसे आले, ते आधी सांगतो. पुण्यात कोथरूडला भाच्याचा साखरपुडा होता, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचा. आमचे विमान संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांचे होते. सहा वाजता सुरक्षा तपासणी उरकून आम्ही तिघे आत बसलो. सातला कळले की विमान आठला सुटेल. आठला पावणेनऊ झाले, पावणेनऊला दहा, आणि रात्री अकरा वाजता विमान रद्द झाल्याचे सांगण्यात आले. कारण विचारले तेव्हा ‘ऑपरेशनल’ एवढा एकच शब्द मिळाला. पर्याय म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे विमान देऊ केले, जे साखरपुड्याला निघालेल्या माणसाच्या कामाचे नव्हते. इंदूरहून पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बसगाड्या तोवर केव्हाच निघून गेल्या होत्या. साडेअकराला टॅक्सी केली आणि सेंधवा, धुळे, मनमाड, नगर करत आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठत होती. टॅक्सीचे भाडे तीन तिकिटांहून अधिक झाले, पण त्याचे मला तेवढे वाटले नाही. खटकले ते हे, की जे अकराला सांगितले ते सातला सांगितले असते, तर बस मिळाली असती. उड्डाण रद्द होणार की नाही याची कल्पना कंपनीच्या नियंत्रण कक्षात कोणालाच नव्हती, यावर माझा विश्वास बसत नाही.

विमान कंपन्यांविषयीच्या तक्रारी नीट ऐकल्या, तर बहुतेकांच्या तळाशी हीच गोष्ट सापडते. उशीर लोक सहन करतात. अवंतिका एक्सप्रेस तासभर उशिरा आली म्हणून रेल्वे वर्ज्य केल्याचे मी कोणाकडून ऐकलेले नाही. माणसाला सहन होत नाही ते तासातासाने पुढे ढकलले जाणे, कारण त्या प्रत्येक तासागणिक त्याच्या हातातला एकेक पर्याय निसटत असतो आणि काउंटरपलीकडच्या माणसाला ते ठाऊक असते.

हा उशीर येतो कुठून, हेही थोडे समजून घ्यायला हवे, कारण त्यावरून टाळायचे काय ते ठरते. स्वस्त भाड्याच्या विमानसेवेचे सारे गणित विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवण्यावर उभे आहे. एकच विमान दिवसातून पाच-सहा उड्डाणे करते आणि दोन उड्डाणांमध्ये त्याला अर्ध्या तासाच्या आसपास उसंत मिळते. पहिल्या उड्डाणाला चाळीस मिनिटांचा उशीर झाला, की तो पुढच्या शहरात, तिथून त्याच्या पुढच्या शहरात वाढत जातो. जानेवारीत इंदुरात लख्ख ऊन पडलेले असताना बिजासन टेकरीपाशी, म्हणजे विमानतळावर, बसलेला प्रवासी आकाशाकडे बघून चिडतो, पण त्याचे विमान पहाटेपासून दिल्लीच्या धुक्यात अडकलेले असते. म्हणून ज्यांना वरचेवर प्रवास करावा लागतो, ते कंपनी टाळत नाहीत. संध्याकाळचे शेवटचे विमान टाळतात, हिवाळ्यात दिल्लीमार्गे जाणे टाळतात, आणि रात्री इंदुरातच मुक्काम केलेले पहाटेचे विमान शोधतात. घरगुती याद्यांपेक्षा हे शहाणपण कितीतरी उपयोगाचे आहे. परंतु प्रवासी शहाणा झाला म्हणून कंपनीची जबाबदारी संपत नाही.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात त्याचे, याविषयीचे नियम २०१० पासून अस्तित्वात आहेत आणि पुढे त्यांत सुधारणाही झाल्या. वेळेवर कळवले नाही आणि उड्डाण रद्द केले, तर परताव्याव्यतिरिक्त नुकसानभरपाई द्यावी लागते : तासाभराच्या प्रवासाला ५,०००, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० आणि त्याहून मोठ्या प्रवासाला १०,००० रुपये. इथवर वाचणाऱ्याला बरे वाटते. पण त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे, की ही रक्कम किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. इंदूर-पुणे किंवा इंदूर-मुंबई हा प्रवास एक ते दोन तासांच्या वर्गात बसतो. समजा, एका निवृत्त शिक्षकाने दोन महिने आधी तिकीट काढले आणि मूळ भाडे व इंधन मिळून २,८०० रुपये भरले. त्याला मिळणार २,८००. त्याच विमानात ऐनवेळी ९,००० रुपये मोजून चढणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र पूर्ण ७,५०० मिळतील. दोघांचा दिवस सारखाच वाया गेला, आणि दोघांनाही त्या रात्री दुसरे तिकीट त्या रात्रीच्याच चढ्या भावाने घ्यावे लागणार आहे. जो आधी नियोजन करतो, पै-पै वाचवतो, त्यालाच नियम कमी देतो. ‘जे कमी असेल ते’ हे चार शब्द कोणाच्या सोयीसाठी आहेत, हे समजायला कायद्याचा अभ्यास लागत नाही.

दुसरी गोम याहून मोठी आहे. उड्डाण रद्द झाले तर नुकसानभरपाई आहे; उशीर झाला तर नाही. छोट्या पल्ल्याच्या विमानाला दोन तास उशीर झाला की खाणेपिणे द्यायचे, सहा तासांहून जास्त होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, आणि काही ठरावीक परिस्थितीत रात्रीचा मुक्काम, एवढेच कंपनीवर बंधन आहे. पाच तास चाळीस मिनिटे बसवून ठेवलेल्या प्रवाशाला एक सँडविच आणि एक ज्यूसचा डबा दिला, की हिशेब पुरा. मग कोणतीही कंपनी ‘रद्द’ हा शब्द शक्य तितका उशिरा का उच्चारणार नाही? तासातासाने पुढे ढकलण्याची जी सवय आपण कर्मचाऱ्यांचा उद्धटपणा किंवा व्यवस्थापनाचा गलथानपणा समजतो, तिला नियमानेच खतपाणी घातले आहे. कंपनी बदलली तरी हे बदलणार नाही, कारण नियम सर्वांना एकच आहे.

युरोपात हीच पळवाट होती आणि ती बुजवली गेली. तिथल्या २००४ च्या नियमात अंतरानुसार २५० ते ६०० युरो अशी ठरीव रक्कम आहे; तिकीट किती स्वस्त घेतले होते याच्याशी तिचा संबंध नाही. त्या नियमातही भरपाई मुळात रद्द झालेल्या उड्डाणांनाच होती. २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले, की तीन तास किंवा अधिक उशिरा पोचलेल्या प्रवाशाचीही रद्द उड्डाणाच्या प्रवाशासारखीच हानी होते, म्हणून त्यालाही तीच भरपाई. त्याच्या आदल्या वर्षी त्याच न्यायालयाने म्हटले होते, की विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड ही ‘असाधारण परिस्थिती’ नव्हे. विमाने चालवणे हाच ज्याचा धंदा, त्याने ती दुरुस्त ठेवणेही त्या धंद्याचाच भाग आहे. आपल्याकडे ‘असाधारण परिस्थिती’ हे कलम कंपन्यांना इतके सैल पडते, की माझ्या त्या पुण्याच्या प्रवासाबाबत चार पत्रे लिहिल्यावर जे उत्तर आले, त्यात ‘ऑपरेशनल’ या शब्दाच्या जागी ‘अपरिहार्य’ हा शब्द होता. एवढीच काय ती प्रगती.

टाळण्याची बाकीची कारणे थोडक्यात सांगतो. सामानाबाबत फेब्रुवारी २०२४ मध्ये विमान सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने सात कंपन्यांना बजावले, की शेवटची बॅग तीस मिनिटांत पट्ट्यावर आली पाहिजे. इंदूरचा पट्टा लहान, त्यामुळे इथे तो प्रश्न फारसा नाही. (आपल्याकडचा खरा प्रश्न पंधरा किलोच्या मर्यादेचा आहे, आणि शेव-चिवड्याची चार पाकिटे घेतल्याशिवाय ज्यांचा पाय इंदुरातून निघत नाही, त्यांनी तो विमान कंपनीच्या माथी मारू नये.) आसन निवडण्याच्या शुल्कावर लोक रागावतात, पण त्यात सक्ती नाही, शिवाय बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांशेजारी आसन मिळालेच पाहिजे, असे डीजीसीएने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. परताव्याच्या बाबतीत आपले अज्ञान कंपन्यांच्या पथ्यावर पडते. ‘परतावा नाही’ असे लिहिलेले तिकीट वापरले नाही, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मागता येतात, हे किती जणांना ठाऊक आहे? मी विचारलेल्या दहा जणांत एकालाही नव्हते.

व्हीलचेअरचा विषय मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही. इंदूरहून पुण्या-बंगळुरूला जाणाऱ्या विमानात मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले सत्तरीपुढचे आईवडील किती असतात, ते कोणत्याही सकाळी टर्मिनलमध्ये पाहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका प्रवाशाला व्हीलचेअर मिळाली नाही. ते चालत निघाले, कोसळले आणि दगावले. एअर इंडियाला त्याबद्दल ३० लाखांचा दंड झाला. त्याआधी मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले नाही म्हणून इंडिगोला ५ लाखांचा दंड झाला होता. असे दंड सरकारी तिजोरीत जमा होतात, आणि ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याच्यापर्यंत त्यातला रुपयाही पोचत नाही. व्हीलचेअर आधी नोंदवूनही ती अमुक मिनिटांत आली नाही, तर त्या प्रवाशाला अमुक रक्कम, असा साधा नियम झाला, तर खुर्च्यांची संख्या आपोआप वाढेल, असे मला वाटते.

सुरक्षिततेच्या भीतीने कंपनी टाळणाऱ्यांबद्दल मी सावधपणे लिहितो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला लंडनकडे निघालेल्या विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ जण गेले, आणि त्यानंतर कित्येक दिवस आमच्या ओळखीच्या घरांत विमानाचे तिकीट काढायला कोणी धजावत नव्हते. त्या भीतीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. फक्त एवढेच, की विमानाची देखभाल प्रवाशाला दिसत नसते. त्याला दिसते ते फाटलेले आसन, बंद पडलेला पंखा आणि चिकट टेबल. त्यावरून इंजिनाची परीक्षा करता येत नाही. हे काम तपासणी यंत्रणेचे आहे आणि तिच्याकडे पुरेशी माणसे आहेत का, हा प्रश्न सरकारला विचारण्याचा आहे, तिकीट काढताना स्वतःला विचारण्याचा नव्हे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ग्राहकाने पाठ फिरवली की दुकानदार सुधारतो, हे तत्त्व शेजारी दुसरे दुकान असेल तरच चालते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज बंद पडली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची विमाने जमिनीवर आली. तिकिटाचे पैसे आधीच भरून बसलेल्यांना दावेदारांच्या रांगेत उभे राहावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी दहातले नऊ जण इंडिगो आणि एअर इंडिया या दोन समूहांच्या विमानांतून जातात, आणि त्यांतही एकट्या इंडिगोचा वाटा साठ टक्क्यांहून अधिक आहे. इंदूरहून काही शहरांना थेट जायचे तर एकच नाव उरते. एकाला टाळावे तर दुसरा, दुसऱ्याला टाळावे तर पुन्हा पहिला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचे आणि बसायचे.

डिसेंबर २०२५ मध्ये याचा पुरता अनुभव आला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारा भाग १ जुलै २०२५ पासून, आणि वैमानिकाने रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणणारा कडक भाग १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. इंडिगोने त्यासाठी पुरेसे वैमानिक तयार ठेवले नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली, इतर कंपन्यांची भाडी आकाशाला भिडली आणि सरकारला ६ डिसेंबरला भाड्यांवर मर्यादा घालावी लागली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, त्यापुढे १,००० किलोमीटरपर्यंत १२,०००. लग्नसराईचे दिवस होते. आणि शेवटी नमते कोणी घेतले? विश्रांतीच्या नियमातून त्या कंपनीला तात्पुरती सूट मिळाली. ज्या कंपनीवाचून देशाचे चालत नाही, तिला प्रवासी काय टाळणार? तिला टाळणे सरकारलाही जमले नाही.

डीजीसीए दर महिन्याला आकडे प्रसिद्ध करते, आणि त्यांत बहुतेक महिन्यांत दहा हजार प्रवाशांमागे एकाहूनही कमी तक्रार दिसते. कंपन्या तो आकडा अभिमानाने दाखवतात. मला त्यात समाधान दिसत नाही, दमलेपण दिसते. चार पत्रे लिहून ‘अपरिहार्य’ हा शब्द मिळणार असेल, तर माणूस पाचव्यांदा लिहीत नाही, घरी येऊन ‘पुन्हा या विमानाने नाही’ एवढे म्हणतो आणि झोपतो. वक्तशीरपणाचे आकडेही मोजक्या मोठ्या विमानतळांवरचे असतात. इंदूरहून संध्याकाळी सुटणारे अमुक विमान गेल्या तीन महिन्यांत किती वेळा दोन तासांहून अधिक उशिरा सुटले, हे तिकीट काढताना समोर दिसले, तर घरोघरच्या याद्यांची गरजच उरणार नाही. ही माहिती प्रत्येक कंपनीच्या संगणकात आजही आहे.

कंपन्यांची बाजू नाही असे नाही. विमानाच्या इंधनावर खर्चाचा फार मोठा वाटा जातो, इंजिनांच्या दोषांमुळे २०२३ नंतर बरीच विमाने दीर्घकाळ उभी राहिली, आणि तीन हजारांत पुण्याला पोचवणाऱ्याकडून पंचतारांकित वागणुकीची अपेक्षा करणे अप्पलपोटेपणाचे आहे, हे मला मान्य आहे. भरपाई वाढली तर भाडी थोडी वाढतील, हेही खरे. पण तिकिटामागे थोडे अधिक द्यावे लागून त्याबदल्यात सातलाच खरे कळणार असेल, तर तो सौदा मला महाग वाटत नाही. आपल्या बाजूनेही एक गोष्ट कबूल करायला हवी. १४ जानेवारी २०२४ रोजी उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर दिल्लीत एका प्रवाशाने विमानातच हात उगारला होता. इंदूरच्या काउंटरवर उभी असलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी अनेकदा विमान कंपनीची नोकरदारही नसते, ठेकेदाराची असते. विमान कुठे आहे हे तिला आपल्याइतकेच ठाऊक असते. तिच्यावर ओरडून मन मोकळे होते आणि ज्यांनी उत्तर द्यायला हवे ते गुरुग्रामच्या कार्यालयात निवांत राहतात.

म्हणून मागणी करायचीच, तर ती अशी असावी : तीन तासांचा उशीर हा रद्द उड्डाणासारखाच मानावा, ‘जे कमी असेल ते’ हे शब्द काढून टाकावेत, आणि भरपाई अर्ज न करता ज्या खात्यातून तिकिटाचे पैसे गेले त्याच खात्यात जमा व्हावी. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. कायदाच नवा झालेला असताना नियम नवे करायला मुहूर्त शोधण्याचे कारण नाही. इंदूरच्या खासदारांना, विमानतळाच्या सल्लागार समितीला आणि आपल्या मराठी मंडळांनाही यात काही करता येईल. नाट्यगृहाच्या मागण्यांसाठी आपण सह्या गोळा करतोच.

येत्या महिन्यात भाच्याचे लग्न आहे, पुन्हा पुण्यालाच. या वेळी मुहूर्ताच्या आदल्या दिवशीचे, पहाटेचे तिकीट काढले आहे. कंपनी तीच आहे. त्या वेळेला दुसरी कोणाची थेट सेवा नव्हती.